आजची ओहोटी

दोन हजार पंचवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. त्या वर्षी पौषात मी पायथनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका भाषेत, एक वेबसाइट केली आणि तिच्यापायी माझ्या सुनेचा जीव जाता जाता राहिला. हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं मी माझी हुशारी सांगत बसलो, तर वाचणाऱ्यानं ती तेवढ्यास तेवढीच धरावी.

मी चौथी शिकलेलो. त्यातली निम्मी चौथी मिठागरावर गेली. उलव्याच्या खालच्या अंगाला, खाडीच्या बांधात, एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला मिटायचं, ओहोटीला उघडायचं, नाहीतर खारं पाणी आत शेतात शिरतं. ती उघाडी आधी माझ्या बापानं सांभाळली, मग तीस-पस्तीस वर्षं मी. पाणी कधी येणार हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातात गाव उघाडी देत नाही. माझ्या हातात दिली होती. आता आत शेतं नाहीत, इमारती आहेत. पण पाणी अजून तेच आहे.

पाण्याची वेळ काढायला आम्हाला तिथी पुरते. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. हा बाहेरच्या समुद्राचा हिशोब. आमच्या उघाडीपर्यंत पाणी आत यायला अर्धा तास जास्त घेतं, ही माझ्या बापाची भर. म्हणजे साडेसहा. तिथून पुढं सहा तास आणि वर एक विडी ओढून होईपर्यंत थांबलं, की ओहोटी संपते. पुनव किंवा अवस झाली की परत एकपासून मोजायचं. एवढंच शास्त्र आहे. ते येतं म्हणून मी आयुष्यभर ताठ चाललो.

भीती कशाची, तेही सांगतो. बांधापासून थोडं पुढं, खाडीत, कालवांचा, म्हणजे खायच्या शिंपल्यांचा, एक खडक आहे. ओहोटीला तो उघडा पडतो. बांध आणि खडक यांच्या मधे एक नाला आहे. जाताना नाल्यात पाणी पोटरीएवढंच असतं. भरती लागली की पाणी समोरून येत नाही, आधी त्या नाल्यातून मागनं येतं. माणूस खडकावर खाली मान घालून कालवं फोडत असतो, समोर सगळं कोरडं दिसतं, आणि पाठीमागं वाट बुडालेली असते. आदल्या दिवाळीत नव्या इमारतींतले दोघं जण तिथं फोटो काढायला गेले आणि अडकले. मी दोर टाकून ओढले. त्यातला एक बांधावर बसून आईला फोन करून रडत होता. त्या दिवसापासून मला झोपेत नाला दिसायचा. बांधावर मी किती दिवस उभा राहणार? माझ्यामागं या लोकांना कोण सांगणार, आता परत फिरा म्हणून?

हे मी एकदा जेवताना बोललो. माझा मुलगा बोटीवर असतो, वर्षातले सहा-सात महिने बाहेर. घरात मी, बायको आणि सून. सून सोलापूरकडची. जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला. ती मला मामा म्हणते आणि सासूला आत्या, ही तिच्याकडची रीत.

ती म्हणाली, "मामा, भरती-ओहोटीचं ॲप असतंय की. मोबाईलवर टाकलं की झालं."

"ता मुंबईचा पानी दावतं. आमच्या उघारीचा नाय. अर्धा तास खोटा."

"मग तुमचं वेगळं काढा."

ती थट्टेनं म्हणाली होती. मी मनावर घेतलं.

तिनं तिचा जुना लॅपटॉप दिला. एरर इंग्रजीत येतात, त्या ती वाचून सांगायची. पायथन तिलाही येत नव्हतं. मी व्हिडिओ बघून शिकलो. हिंदीतले, काही मराठीतले. थांबवायचे, मागं घ्यायचे, परत बघायचे. एका बोटानं टाइप करायचं. बायको ओट्यावर बसून म्हणायची, "कोंबरी दाने टिपतंय का काय?"

पहिले आठ दिवस मला त्या लाल अक्षरांची भीती वाटायची. खोटं नाही सांगत. एंटर दाबताना मी मान मागं घ्यायचो, जसा काही आत फटाका आहे. पहिलीच एरर आली ती रिकाम्या जागेची. पायथनमध्ये ओळ किती आतून सुरू होते, त्याला अर्थ असतो. कुठल्या कामाच्या पोटात कुठली ओळ आहे, हे तो त्या जागेवरून ओळखतो. मी एका ओळीला टॅब दाबला होता, दुसरीला चार स्पेस. डोळ्याला दोन्ही सारखे. त्याला चालेना. पूर्ण एक दिवस मी ओळी पट्टी लावून बघितल्या, खरोखरची पट्टी, पडद्यावर. सुनेनं संध्याकाळी येऊन बाण फिरवला आणि दाखवलं, हा बाण इथं एकदम उडी मारतोय, तिथं चार पावलं चालतोय. मग मी सगळे टॅब काढले आणि सगळीकडं चार-चार स्पेस दिले.

नंतर अष्टमीनं मला रडवलं. पानावर चौकटीत तिथी लिहायची, आणि त्यानं तिप्पट करून चारानं भागायचं, म्हणजे पाऊणपट. मी आठ लिहिलं. तो लाल झाला. भागाकार होत नाही म्हणाला. मी म्हटलं भागाकार होत नाही म्हणजे काय, मला चौथीत होत होता. शेवटी नुसती तिप्पट काढून बघितली. आलं आठशे अठ्ठ्याऐंशी. मी घाबरून लॅपटॉपच मिटला. भूत लागल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी एका व्हिडिओत कळलं, चौकटीतून जे येतं ते त्याला आकडा वाटत नाही, अक्षर वाटतं. अक्षराची तिप्पट म्हणजे ते तीनदा लिहायचं. त्याला आधी सांगावं लागतं, बाबा, हा आकडा आहे. सांगितलं. सहा आले. त्या सहाकडं मी इतका वेळ बघत बसलो, की बायकोनं विचारलं, "कुनी मेला काय?"

मग वाटलं, तिथी माणसांनी कशाला लिहायची? इमारतीतल्यांना तिथी कुठं माहीत? म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि सालभराच्या तारखा नि तिथ्या एकाखाली एक टाइप केल्या. कधी तिथीचा क्षय होतो, कधी एकच तिथी दोन दिवस येते, ते सगळं धरून. दोन ठिकाणी स्वल्पविराम राहिला, त्यात एक दुपार गेली. पानाचं जे चित्र असतं, अक्षरं कुठं, रंग कुठला, ती फाइल एका ठरावीक नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. मी ती बाहेर ठेवली होती. समोर दिसत असताना तो म्हणायचा, सापडत नाही. एकदा सकाळी म्हणाला, जागा अडलेली आहे. मी आदल्या दिवशी कार्यक्रम, म्हणजे तो प्रोग्रॅम, बंद न करता नुसतं झाकण लावलं होतं, आणि तो आत जागा धरून बसला होता.

सगळ्यात मोठी फजिती पत्त्याची. लॅपटॉपवर पान उघडलं, वर एक आकड्यांचा पत्ता होता. मी तो बचत गटाच्या बायकांच्या ग्रुपवर टाकायला लावला. सुनेनं टाकला. कुणाच्याच फोनवर उघडेना. एकीनं हसायचं चित्र टाकलं. मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. मग समजलं, तो पत्ता म्हणजे "मी स्वतः" असा असतो. माझ्या लॅपटॉपवर तो माझा लॅपटॉप, त्या बायकांच्या फोनवर त्यांचा स्वतःचा फोन. तिथं पान कुठून असणार? पान सगळ्यांना दिसायचं तर ते दुसऱ्या कुणाच्या सदा चालू असलेल्या यंत्रावर ठेवावं लागतं. त्याला सर्व्हर म्हणतात. परदेशातल्या एका फुकटच्या सर्व्हरवर, पौष शुद्ध अष्टमीला, मी आणि सुनेनं मिळून ते चढवलं.

फोनवर पान उघडलं. निळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं: आजची भरती साडेसहा. आजची ओहोटी बारा चाळीस. खाली मी लिहिलं होतं: ओहोटीच्या वेळेनंतर खडकावर कुणीही थांबू नये.

सून म्हणाली, "मामा, तारीख आणि तिथी पण टाका की वर."

"कशाला? आज म्हनजे आज."

"दिसलेली बरी असती."

"ज्यास आज कनचा दिवस ता समजत नाय, त्यानं खारीत जाऊच नये."

तीस-पस्तीस वर्षं उघाडीवर मी कधी तारीख लिहिली नव्हती. पाण्याच्या बाबतीत मला कुणी सुधारत नसे.

पुढचे दिवस माझे फार सुखाचे गेले. भीती पळाली. वाशीच्या मार्केटात भाजीला गेलो, तर तिथंही एका ओळखीच्याला पान दाखवलं. रोज सकाळी मी लॅपटॉपवर कार्यक्रम सुरू करायचो, आकडा बघायचो, मनातल्या हिशोबाशी ताडायचो. रोज बरोबर. सर्व्हरवरचं पान मात्र मी उघडत नव्हतो. ते लोकांसाठी होतं. मला कशाला?

पुनवेला बायको सुनेचा फोन घेऊन माझ्यासमोर आली. तिला वाचता येत नाही, पण घड्याळातले आकडे कळतात. तिनं पानावरचा आकडा दाखवला.

"आज पुनव. पुनवंला बाराला भरती आसते. तुमचा डबा ओहोटी दावतंय."

मी लॅपटॉप सुरू केला. पावणेबाराला भरती. बरोबर.

"ह्या बघ. फोन जुना पान धरून बसलाय. आसा होतं. फोन बंद कर नि चालू कर."

"पन..."

"तुला मोबाईलमधला किती कलतं?"

ती फोन ओट्यावर ठेवून आत गेली. फोन जुनं पान धरून ठेवतो, हे मी नुकतंच शिकलो होतो, आणि ते खरंच असतं. पण ते शिकलो म्हणूनच मी पुढं बघितलं नाही. लाल अक्षरं आली असती तर मी भ्यालो असतो आणि शोधलं असतं. इथं लाल काहीच नव्हतं. निळी पट्टी, पांढरी अक्षरं.

त्यानंतरच्या रविवारी मी सकाळी जासईला एका नात्यातल्या आजाऱ्याला बघायला गेलो. परत आलो तेव्हा पावणेबारा झाले होते. बायकोला दोन दिवस ताप होता, तोंडाला चव नव्हती. ती पांघरूण घेऊन पडली होती. घरात शांत होतं.

"सून कुटं?"

"कालवांना गेली. मी बोललू, जाऊ नको, माझा ताप उतरू दे. बोलली, आत्या, चार वेळा आले न तुमच्याबरोबर, वाट ठाऊक हाय. मी बोललू, पानी? तर बोलली, मामांच्या पानावर बगितला."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, वर अर्धा तास. सव्वाचारला भरती. म्हणजे ओहोटी दहा पंचवीसला संपली. पाणी एक तास वीस मिनिटं चढत होतं.

खिशातून फोन काढला. पान उघडलं. आजची ओहोटी बारा चाळीस.

अष्टमीचा आकडा. चढवलं त्या दिवशीचा. बारा दिवस ते पान अष्टमीतच उभं होतं.

काय चुकलं ते त्या वेळी कळलं नाही, कळायला वेळही नव्हता. बायकोनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तापातली ती उठून बसली. खुंटीवरचा दोर काढून तिनंच माझ्या हातात दिला.

घरापासून बांध माझ्या चालीनं दहा मिनिटं. मी पळालो. एकाहत्तर वर्षांचा माणूस पळतो म्हणजे काय, ते बघणाऱ्यांनी बघितलं असेल. बांधावर चढलो. खडकावर ती दिसली. पिवळी बादली, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, खाली मान. तिच्यासमोर खडक कोरडा होता. मागं नाला भरत होता. तपकिरी पाणी, वर फेसाची बारीक रेघ, आणि ती रेघ आत सरकत होती. ज्या दगडावर पाय देऊन नाला ओलांडतात, तो दगड दिसत नव्हता.

मी हाका मारल्या. पलीकडं विमानतळाच्या कामाची यंत्रं ठोकत होती. तिनं मान वर केली नाही. फोन लावला. वाजत राहिला. मग तिनं हात पुसले, कमरेची पिशवी उघडली आणि उचलला.

"बोला मामा."

"परत फिर. आताच."

"का? अजून पाऊण तास ओहोटी आहे. मी बघून आलेय."

"पानी भरतंय. निघ."

"मामा, तुमच्याच पानावर बारा चाळीस आहे. अर्धीच बादली झालीय. आत्यांना रसा करायचाय."

ती माझ्यावर नाही, माझ्या पानावर विश्वास ठेवून बोलत होती. आणि त्या पानाविरुद्ध मी बोलत होतो. असा प्रसंग माझ्यावर कधी आला नव्हता. पाण्याबद्दल मी चुकलो असं मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो, बापासमोरही नाही. फेसाची रेघ तेवढ्यात आणखी हातभर आत आली.

"पान खोटा हाय," मी ओरडलो. "मी चुकलो. ऐकतेस काय? मी चुकलो. माझा पान बारा दिवसांचा जुना हाय."

ती हसली. "तुम्ही आणि चुकला?"

"मागं बघ."

ती वळली. फोनमध्ये तिचा श्वास ऐकू आला, आणि मग नुसता वाऱ्याचा आवाज.

बांधाच्या उतारावर उघाडीचा दगडी खांब आहे. दोराचं एक टोक त्याला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला, आणि मी नाल्यात उतरलो. पाणी थंड होतं. मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. खालून ओढ होती. मी ओरडून सांगत होतो, पळू नको, बादली सोड, दगड शोधू नको, माझ्याकडं सरळ ये, चिखलात पाय रुतला तर आडवी हो. ती खडकाच्या काठावर आली आणि थांबली. तिला पोहता येत नाही. सोलापूरकडं तिनं विहीर बघितलेली, तीही वरून. मी तिला म्हटलं, माझ्याकडं बघ, पाण्याकडं बघू नको. ती उतरली. छातीपर्यंत गेली. एकदा तिचं डोकं खाली गेलं. ते किती वेळ होतं मला सांगता येणार नाही. मी फक्त ओढणी धरली, मग हात सापडला.

बांधावर आम्ही दोघं बसलो. ती खोकत होती. तिच्या पायाला कालवांच्या कडांनी चिरलं होतं, रक्त येत होतं. खडक आमच्यासमोर बुडाला. पिवळी बादली थोडा वेळ फिरत राहिली आणि तिवरांकडं गेली. ती म्हणाली, "ह्यांना सांगू नका. बोटीवर आहेत, उगीच टेन्शन घेतील." आणि मग थोड्या वेळानं, "मामा, मी तुमच्या पानावर विसंबून गेले म्हणून आत्यांना रागवू नका."

तिनं माझ्यावर रागवायला हवं होतं. तेवढंही केलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

घरी बायकोनं तिला गरम पाणी दिलं, पाय बांधला. माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मना मोबाईलमधला कलत नाय." माझेच शब्द.

आधी पान बंद केलं. मग लॅपटॉप उघडला. दिवस मावळेपर्यंत मी तो कार्यक्रम ओळीओळीनं वाचला. कुठंही चूक नव्हती. सुरू केला की पंचमी दाखवायचा. बंद करून सुरू केला, परत पंचमी. सून पाय वर घेऊन शेजारी बसली. ती म्हणाली, "मामा, तुम्ही हे रोज सुरू करता. तिथं कोण सुरू करतं?"

तिथं कुणी करत नव्हतं. तिथं ते बारा दिवसांपूर्वी सुरू झालं, ते चालूच होतं. मग मला ती ओळ दिसली. आजची तारीख घे, ही ओळ मी फाइलीत सगळ्यात वर लिहिली होती, मोकळ्या जागेवर, कशाच्याच पोटात नाही. वरची ओळ कार्यक्रम सुरू होताना एकदाच वाचली जाते. पान उघडलं की जे काम होतं, त्याच्या पोटातल्या ओळी दर वेळी वाचल्या जातात. माझा आज एकदाच झाला होता. मी ती ओळ खाली आणली, कामाच्या पोटात घातली, चार स्पेस आत. सगळ्या चुकीचं अंतर तेवढं. आणि निळ्या पट्टीवर सगळ्यात वर तारीख घातली, तिच्याखाली तिथी, मोठ्या अक्षरांत. पान परत चढवलं. ग्रुपवर मात्र सुनेकडून लिहून घेतलं, की पान चुकीचं होतं, चूक माझी आहे, मी सांगेपर्यंत कुणी त्यावर जाऊ नये. "चूक माझी आहे" हे तिनं घातलं नव्हतं. मी घालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून फोनवर पान उघडलं. वर तारीख होती, कालची. खाली पंचमी. सून सव्वापाचला उठली तेव्हा तिला दाखवलं. तिनं विचारलं, "ते यंत्र परदेशात आहे न? तिथं अजून काल असेल." त्याचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागं होतं. त्याला आपलं घड्याळ धरायला सांगायचं, तर त्याच्या यादीत आपल्यासाठी कोलकात्याचं नाव होतं. आमच्या उघाडीला कोलकात्याचं घड्याळ. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी भांडलो असतो. त्या दिवशी गुमान लिहिलं. तारीख बदलली. षष्ठी. ओहोटी अकरा दहा.

बायकोसमोर फोन धरला. "बघ बरा, बरोबर हाय काय."

तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. "बरोबर वाटतंय. पन मना काय इचारता? पान्याला इचारा."

मी एक काठी घेतली, तिला सुरीनं खुणा पाडल्या आणि बांधावर गेलो. उघाडीच्या खांबापाशी चिखलात ती रोवली. घड्याळ, फोन मांडीवर. साडेआठपासून बसलो. पाणी एकेक खूण सोडत खाली जात होतं. साडेदहानंतर मी काठीवरून डोळे काढले नाहीत. अकरा पाच झाले. पाणी शेवटच्या खुणेखाली थांबलं होतं, हलत नव्हतं. अकरा दहा. काही नाही. अकरा सतरा झाले तेव्हा चिखलावरचं एक वाळलं पान उचललं गेलं आणि बांधाकडं, आतल्या बाजूला, वळलं.

मी उठलो, सुनेला फोन लावला आणि सांगितलं, ग्रुपवर टाक, सात मिनिटांचा फरक आहे.